वेळासला येण्याआधी: पाहुणे नेहमी विचारतात ते प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथून जवळच वेळास गाव आहे. आमचं घर याच गावात, माडा-पोफळीच्या वाडीत. खोल्या किती, जेवणात काय, गाडी कुठे लावायची, हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगून होतं. कासवं, भरती, साप, रात्री ओरडणारे कोल्हे यांच्याबद्दल मात्र घाईत सांगितलं की अर्धवट राहतं आणि अर्धवट माहितीवर आलेला पाहुणा हिरमुसतो. म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

कासवं नक्की दिसतील का?

तसा शब्द आम्ही कुणालाच देत नाही. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात. इथे जी पाहायला मिळतात ती अंड्यातून नुकती बाहेर आलेली पिल्लं, समुद्राकडे निघालेली. एका घरट्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी असतात आणि ती उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. पंधरा दिवसांचा हा फरक वाळूच्या उबेवर ठरतो. थंडी लांबली की पिल्लं उशिरा येतात. त्यामुळे घरटं कोणत्या रात्री घातलं याची नोंद असली तरी पिल्लं अमुक शनिवारीच बाहेर येतील, असं कुणीच सांगू शकत नाही. कधी एका सकाळी साठ-सत्तर निघतात, कधी दोनच, कधी एकही नाही.

दोन रात्री राहा. म्हणजे पिल्लं सोडण्याच्या तीन-चार वेळा तुमच्या वाट्याला येतात. रात्रभर प्रवास करून पहाटे पोहोचायचं, एक सकाळ बघायची आणि दुपारी परत निघायचं, असं करणारे बरेच जण निराश होऊन जातात आणि आम्हालाही वाईट वाटतं.

मग यायचं कधी?

माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर येण्याचा भर फेब्रुवारी ते एप्रिल. गावातला कासव महोत्सवही याच दिवसांत असतो. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर फार गर्दी होते. जमत असेल तर मंगळवार-बुधवार धरा. दोरीच्या अलीकडे शंभर माणसं उभी असण्यापेक्षा वीस असली, तर लहान मुलांनाही पिल्लू नीट दिसतं.

घरटं उचलून कुंपणात का नेतात? निसर्गात ही ढवळाढवळ नाही का?

हा प्रश्न आम्हाला फार आवडतो, कारण याच्या उत्तरात गावाचा गेल्या वीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

२००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसं समुद्री गरुडाचा अभ्यास करत या किनाऱ्यावर आली होती. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. तेव्हा घरटं दिसलं की ते उकरलं जायचं. कोल्हे, कुत्री, घोरपडी तर उकरायचीच, पण माणसंही अंडी काढून खायची आणि विकायची. ज्यांना घरटी शोधता येत होती, त्यांनाच संस्थेने राखणीच्या कामात घेतलं. ज्याला वाळूवरचा माग वाचता येतो तो राखणदार झाला तर त्याच्यासारखा राखणदार नाही. २००६ पासून महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले आणि जिवंत कासव गावाला जास्त मोलाचं झालं.

अंडी आजही हलवावी लागतात, कारण कोल्हे-कुत्र्यांचा धोका संपलेला नाही. पहाटे किनारा चालत माग शोधायचा आणि पहिल्या काही तासांतच अंडी अलगद काढायची. उशीर झाला तर आतला गर्भ कवचाला धरतो आणि अंडं हललं की मरतो. कुंपणात मूळ घरट्याइतकाच खोल, सुरईसारखा खड्डा करायचा, साधारण दीड फूट. खोलीला महत्त्व आहे, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त गरम असली की माद्या जास्त, थंड असली की नर. पिल्लं निघायचे दिवस जवळ आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची.

पिल्लू हातात घेता येईल का? थेट पाण्यात का सोडत नाहीत?

हातात घेता येणार नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. एवढ्याशा, वीस-एक ग्रॅमच्या जिवाला माणसाच्या हाताची ऊबही नको असते.

पाण्यापर्यंतची वाट ते स्वतःच्या पायांनी कापतं, ती तशी कापू द्यायची. मोठी झालेली मादी पुढे आपल्या जन्माच्या किनारपट्टीकडे परतते आणि ही ओळख जन्मापासूनच रुजते, असं अभ्यासक मानतात. हजार पिल्लांतलं जेमतेम एखादं मोठं होतं, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. लाट एखाद्याला तीनदा मागे फेकते आणि ते चौथ्यांदा निघतं. बघताना हात पुढे करावासा वाटतो. करू नका. दोरीच्या अलीकडे उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा आणि मुलांना आधीच समजावून आणा.

रात्री किनाऱ्यावर जाऊन अंडी घालणारी मादी पाहता येईल का?

नाही, आणि यात आम्ही सूट देत नाही. मादी वाळूवर चढताना फार बिचकते. बॅटरीचा झोत, बोलण्याचा आवाज, कुत्र्याची चाहूल, यातलं काहीही जाणवलं तर ती अंडी न घालता परत फिरते. पिल्लं तर उजेडाच्या दिशेनेच चालतात. रात्री क्षितिजाकडचा समुद्र जमिनीपेक्षा उजळ असतो, त्याच्यावर ती विसंबतात. एखाद्या अंगणातला दिवा समुद्रापेक्षा तेजस्वी दिसला की ती उलटी चालू लागतात. म्हणून हंगामात आमच्या घराचे समुद्राच्या बाजूचे दिवे आठनंतर बंद असतात. खोलीत पडदे आहेत, ते ओढून घ्या.

ही कासवं पुढे जातात कुठे?

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. पश्चिम किनाऱ्यावर असा टॅग लावलेली ती पहिली. मग आंजर्ले आणि गुहागरलाही टॅग लागले. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलटीही गोष्ट घडली. ओडिशात २०२१ मध्ये पायाला खूणपट्टी लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. तोपर्यंत पूर्वेची कासवं वेगळी आणि आपली वेगळी, असंच बहुतेकांना वाटत होतं.

भरती-ओहोटीची वेळ कशी ओळखायची?

मोबाईलवर मिळते, पण रेंजचा भरवसा नाही. जुन्या माणसांचा हिशेब शिकून घ्या: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पूर्ण भरती पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरण्याचा बेत आखायला एवढं पुरतं. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जवळजवळ पन्नास मिनिटं पुढे सरकतं.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमाराची भरती भांगाची, तिचा चढ-उतार कमी. खडकातले जीव बघायचे असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठा. पौर्णिमेला ती पहाटे पाच-सहाच्या सुमारास मिळते, म्हणजे कासवांच्या पिल्लांसाठी लवकर उठलेले असताच.

समुद्रात पोहता येतं का?

गुडघाभर पाण्यात खेळा. त्यापुढे नको. ओहोटी लागलेली असताना पाणी आत ओढतं, आणि नदीच्या मुखाजवळ तर खाडीची ओढ वेगळीच असते. इथे जीवरक्षक नाहीत. पावसाळ्यात पाण्याला पायही लावू नका. उथळ पाण्यात वाळूत पाकट ही चपटी मासळी लपलेली असते, तिच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, ती आधीच निघून जाते.

हरिहरेश्वर इथून किती लांब? प्रदक्षिणा करता येईल का?

समोरच दिसतं! बाणकोटच्या बाजूला वेसवीहून फेरीबोट निघते, गाडीसकट तुम्हाला पलीकडे बागमांडल्याला उतरवते. तिथून हरिहरेश्वर जवळ. पलीकडे रायगड जिल्हा सुरू होतो. रस्त्याने जायचं म्हटलं तर खाडीला भला मोठा वळसा पडतो, म्हणून शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर विचारूनच पुढे जा.

हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं, असा इथला क्रम आहे. प्रदक्षिणेची वाट देवळामागून डोंगराच्या चिरेतून पायऱ्यांनी उतरते आणि थेट समुद्रालगतच्या खडकांवर येते. लाटांनी तिथल्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली आहे. आमच्या मते साऱ्या परिसरातलं हे सर्वांत देखणं ठिकाण आहे, आणि सर्वांत धोक्याचंही. ही वाट फक्त ओहोटीला चालायची. भरती चढू लागली की लाट खडकावर कधी येईल ते सांगता येत नाही, आणि इथून माणसं वाहून गेलेली आहेत. वर सांगितलेला तिथीचा हिशेब इथे खरा उपयोगी पडतो. पुजारी किंवा तिथला दुकानदार “आता नको” म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा. फोटोसाठी कडेच्या ओल्या, हिरव्या खडकावर पाय टाकू नका.

बाणकोटचा किल्ला पाहण्यासारखा आहे का?

किल्ला लहान आहे, तासाभरात फिरून होतो, पण जागा अशी की आरमाराचा इतिहास एका नजरेत कळतो. तटावर उभं राहिलं की खाली सावित्रीचं मुख, समोर हरिहरेश्वरचा डोंगर. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते आणि तिच्या मुखातून महाडकडे जाणारा व्यापार ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती आतला मुलूख. कान्होजी आंग्र्यांच्या काळात हा हिम्मतगड होता. १७५५ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, दुपारी जांभा दगड तापतो.

नाना फडणवीस वेळासचेच ना?

त्यांचं मूळ गाव वेळास, घराणं भानूंचं. नानांचा जन्म मात्र १७४२ मध्ये साताऱ्याचा. गावात त्यांचं स्मारक आहे, संध्याकाळी चालत जाऊन या.

कोणते पक्षी दिसतील?

सगळ्यात आधी मान वर करून समुद्री गरुड शोधा. पोट पांढरं, पंख राखाडी, शेपूट पाचरीसारखी. घारीपेक्षा बराच मोठा असतो आणि पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचलून तरंगतो. उंच झाडावर काटक्यांचं प्रचंड घरटं करतो आणि तेच वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. मासे तर खातोच, पण समुद्री सापही उचलतो. घरट्याचं झाड ठाऊक असलं तरी आम्ही दाखवत नाही. खाली माणसं जमली की जोडी घरट्यावरून उठते आणि उन्हात पिल्लू उघडं पडतं. ड्रोन आणू नका, हेही त्याच कारणाने.

हिवाळ्यात कुरवांचे थवे वाळूवर बसतात आणि भरतीच्या रेषेवर चिखले तुरुतुरु धावतात. हे पाहुणे हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. त्यांना उडवत धावणं मुलांना मजेचं वाटतं, पण परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात जळते. कुरवांना गाठी-शेवही नको. खाडीच्या बाजूला खंड्या, समुद्र बगळे, तपकिरी-पांढरी ब्राह्मणी घार दिसते. वाडीतल्या आणि देवराईतल्या फळझाडांवर धनेश येतो, त्याच्या पंखांचा आवाज आधी ऐकू येतो.

गिधाडं कुठे दिसतात?

फेरीबोटीने पलीकडे गेलात तर म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात. पांढऱ्या पाठीची गिधाडं तिथे उंच झाडांवर घरटी करतात. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशभरातली गिधाडं संपत आली, २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका.

साप आहेत का? मुलं बरोबर आहेत म्हणून विचारतो.

आहेत. कोकणातली वाडी म्हटल्यावर असणारच. लक्षात ठेवायचं ते फुरसं. जेमतेम फूट-दीड फुटाचं, मातीच्या रंगाचं, सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) दगडाखाली किंवा पाचोळ्यात बसलेलं. चिडलं की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. आकाराने लहान म्हणून त्याला कमी लेखू नका, रक्त गोठण्याच्या क्रियेवर त्याचं विष परिणाम करतं. नाग, मण्यार, घोणस हेही आहेत.

अंधारात बॅटरी घेऊन चाला (वाडीत चालेल, किनाऱ्यावर नाही), बूट झटकून घाला, दगड उचलून बघू नका. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो भाग हलवू न देता लगेच सरकारी दवाखाना. सर्पविषावरची लस या चारही सापांवर चालते. आम्हाला रात्री कितीही वाजता उठवा. किनाऱ्यावर जाळ्यातून टाकलेला साप दिसला तर तो मेलेला वाटला तरी हात लावू नका, समुद्री साप जहाल विषारी असतात.

रात्री काहीतरी ओरडत होतं. बिबट्या येतो का?

ते कोल्हे. एकाने सूर लावला की पलीकडच्या टेकडीवरून उत्तर येतं. बिबट्याही या पट्ट्यात आहे, पण दिसतो क्वचित. कुत्रं बरोबर आणणार असाल तर रात्री ते घरातच ठेवा. बिबट्यासाठीही आणि कासवाच्या घरट्यांसाठीही.

खाडीत मगरी असतात असं ऐकलं, खरं का?

सावित्रीत मगरी आहेत, पण वर महाडच्या बाजूला, गोड्या पाण्यात. मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात त्या सहसा येत नाहीत.

वाळूवर छोट्या गोळ्यांची नक्षी कोण काढतं?

लहानसे खेकडे. ओहोटीला बिळाबाहेर येतात, वाळूतलं खाण्याजोगं तेवढं तोंडाने गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. भरती आली की नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरू. एका जागी पाच मिनिटं न हलता बसा, सगळा किनारा जिवंत होतो. खाडीच्या चिखलात एक नांगी भली मोठी असलेला खेकडा दिसेल. तो नर, मादीला बोलावत नांगी हलवतो. खाडीच्या कडेला तिवर आणि चिपीची झाडं आहेत, पांढरी चिपी तर २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. मासळीची पिल्लं या मुळांच्या जाळीत वाढतात.

शंख-शिंपले गोळा करून नेले तर चालतील का?

बघा, मुलांना दाखवा, परत ठेवा. रिकामा वाटणारा शंख साधू खेकड्याचं घर असू शकतो. काही शंखांना कायद्याचंही संरक्षण आहे.

रात्री लाटा निळ्या चमकतात म्हणे?

कधीकधी, बहुधा हिवाळ्यात. पाण्यातले अतिसूक्ष्म जीव घुसळले गेले की उजेड टाकतात. अमावस्येच्या आसपास लाटेच्या फेसाकडे बघत राहा. घराच्या गच्चीवरूनही दिसतात, कासवांच्या हंगामात तिथूनच बघा.

गाडी किनाऱ्यावर नेता येईल?

नाही. चाकाखाली खेकड्यांची बिळं दबतात, नजरेतून सुटलेलं घरटं चिरडतं आणि घट्ट झालेल्या चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. नेलेली गाडी आम्ही ढकलून बाहेर काढून देऊ, पण पुढच्या वेळी खोली देणार नाही.

वाडीत मधेच एवढी मोकळी जागा का आहे?

३ जून २०२० चं निसर्ग वादळ. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ते जमिनीवर आलं आणि इकडच्या माड-पोफळींच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्नावर यायला सात-आठ वर्षं जातात. जी रोपं तुम्हाला कमरेच्या वर आलेली दिसतात, ती त्यानंतर लावलेली.

पावसाळ्यात काय बघायचं?

कासवं नाहीत, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताजी समुद्री मासळीही नाही. तरी ज्याला हिरवं बघायचं आहे त्याने यावं. मेअखेरीस पहिल्या सरींच्या तोंडावर काजवे, मग सड्यावर इंचभर मातीत उगवणारी रानफुलं, रात्री बेडकांचा गजर. फुलांवर चालू नका, ती पातळ माती पुन्हा साठायला फार काळ लागतो.

दक्षिणेला कुठवर जावं?

केळशीला महालक्ष्मीचं देऊळ आणि वाळूची टेकडी. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, तिथेही कासवं येतात. हर्णैला मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तिथून डॉल्फिन दाखवायला बोटी निघतात. नावाडी त्यांच्या मागे बोट पळवू लागला तर इंजिन बंद करायला सांगा, थांबलेल्या बोटीजवळ ते आपणहून येतात.

आमच्याकडे एकच रात्र आहे. काय करू?

दुपारी पोहोचा, जेवून तासभर आडवे व्हा. चारला बाणकोटचा किल्ला. संध्याकाळी सूर्यास्ताआधी किनाऱ्यावर, कुंपणापाशी, टोपली उचलतात तेव्हा. रात्री लवकर झोपा. पहाटे साडेपाचला आम्ही चहाला हाक मारतो, सहाला पुन्हा किनारा. नाश्त्यानंतर तिथी बघून ठरवू: ओहोटी दुपारपर्यंत मिळत असेल तर बोटीने हरिहरेश्वर, नाहीतर खाडीकडे पक्षी. पिल्लं नाहीच निघाली तर पहाटे वाळूवर कोल्ह्याच्या आणि घोरपडीच्या पावलांचे ठसे असतात, ते कसे ओळखायचे ते घरातलं कुणीतरी बरोबर येऊन दाखवेल.